हवेत जागा नसेल तर घाम जाणार कुठे?

पुण्याहून गोव्यात शर्यतीसाठी येणारा हौशी धावपटू पहिल्याच सकाळी गोंधळतो. तापमान २६ अंश, ऊन नाही, मिरामार ते दोनापावला रस्ता बराचसा सपाट. तरी पाचव्या किलोमीटरला छाती धपापते, टी-शर्ट पिळून काढावा इतका भिजतो आणि मनगटावरचं घड्याळ नेहमीपेक्षा कितीतरी मंद पेस दाखवतं. पणजीत राहणारे तर वर्षातले बरेच महिने असेच पळतात. बँकेतले, शाळेतले, औषध कंपन्यांच्या शिफ्टमधले लोक पहाटे बाहेर पडतात, सात वाजता घर गाठतात, मग डबा, मुलं, ऑफिस. आपली तयारीच कमी पडते, असं त्यातल्या अनेकांना वाटत राहतं. मला हे मनापासून खोडून काढायचं आहे. या दमछाकीचं मोठं कारण हवेतल्या बाष्पात आहे.

धावताना शरीर वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च करतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या दहा किलोमीटरला ६००. स्नायू त्यातला जेमतेम पाव भाग हालचालीसाठी वापरतात. उरलेल्या साडेचारशे किलोकॅलरी निव्वळ उष्णता असते. ती सगळी आतच साठली, तर शरीराचं तापमान सुमारे नऊ अंशांनी चढेल. इतकं तापलेलं शरीर जगू शकत नाही. त्वचेवरून एक लिटर घाम उडाला की तो सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. हिशेब सोपा आहे: पाऊण लिटर घाम पुरतो. अट एकच, तो उडाला पाहिजे. हनुवटीवरून रस्त्यावर ठिबकलेला घाम शरीराला जवळजवळ काहीच गारवा देत नाही. फक्त पाणी आणि मीठ तेवढं जातं.

पणजीहून रायबंदरला जाणाऱ्या जुन्या पोर्तुगीज बांधावरून पळताना बाजूला मिठागरं लागतात. आपल्या कातडीवर जे चालतं तेच तिथे चालतं. ऊन आणि वारा असेल, हवा कोरडी असेल, तर पाणी उडतं आणि मीठ उरतं. पावसाळ्यात मिठागराचं काम बंद असतं. धावपटूला मात्र तशी सुट्टी नसते.

घाम किती वेगानं उडेल, हे त्वचेजवळचं बाष्प आणि हवेतलं बाष्प यांच्या दाबातल्या फरकावर ठरतं. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर हा दाब ५.६ किलोपास्कल असतो. पणजीतल्या दमट पहाटे, २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना, हवेत आधीच सुमारे ३ किलोपास्कल बाष्प असतं. फरक उरला २.६. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हवेतलं बाष्प जेमतेम १.२, म्हणजे फरक ४.४. तिथे घाम दिसतच नाही, येतो तसा उडून जातो. नागपूरची दुपार सुरक्षित आहे असा याचा अर्थ नाही. तिथे हवाच त्वचेपेक्षा गरम असल्यानं ती शरीराला तापवते. पण घाम उडण्याच्या बाबतीत गोव्याची हवा कंजूष आहे, एवढं खरं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘पहाटे आर्द्रता ९० टक्के, दुपारी ६५, मग दुपार बरी नाही का?’ असं लोक खरंच विचारतात. हे टक्के सापेक्ष असतात. हवा तापली की तिच्यात जास्त बाष्प मावतं, म्हणून बाष्प तेवढंच राहूनही टक्का खाली येतो. ३३ अंश आणि ६५ टक्के यांचा हिशेब केला तर बाष्पदाब ३.३ निघतो, पहाटेपेक्षा थोडा जास्तच. वर डोक्यावर ऊन. तेव्हा पहाटच बरी. मोबाइलवर टक्के बघण्यापेक्षा दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो आकडा. हवेत बाष्प जास्त तितका तो वर. बहुतेक हवामान अ‍ॅपमध्ये तो असतो. गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत तो २४-२५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. जानेवारीत जमिनीवरून कोरडा वारा आला की उतरतो, आणि त्याच रस्त्यावर त्याच पायांना वेग सापडतो.

अमेरिकी सैन्यानं १९५० च्या दशकात प्रशिक्षण छावण्यांतले उष्माघात रोखण्यासाठी एक निर्देशांक तयार केला. आजही शर्यतींचे आयोजक तो वापरतात. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीच्या आकड्याला ७० टक्के वजन आहे, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० आणि साध्या तापमापीला फक्त १०. आपण मात्र रोज त्या १० टक्क्यांकडे बघून घराबाहेर पडतो!

वारा हा या हिशेबातला मोठा मित्र. मिरामारला २०१९ मध्ये सुरू झालेल्या आयर्नमॅन ७०.३ शर्यतीत १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणं असतं. सायकलवर ताशी तीस किलोमीटरचा वारा घाम उडवत राहतो. सायकल ठेवून धावायला लागलं की वारा एक तृतीयांशावर येतो, तोवर उन्हं चढलेली असतात, आणि आतापर्यंत न दिसलेला घाम अंगावरून वाहायला लागतो. अनेकांची शर्यत बिघडते ती याच टप्प्यावर.

अशा वेळी हृदयाला दोन कामं एकदम करावी लागतात: स्नायूंना रक्त पुरवायचं आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडेही न्यायचं. त्यात घामामुळे रक्तातलं पाणी घटलेलं असतं. म्हणून पेस तोच ठेवला तरी हार्ट रेट हळूहळू चढत जातो. गोव्यात पेसला चिकटून बसण्यापेक्षा हार्ट रेट आणि श्वास यांवर पळावं असं माझं ठाम मत आहे. दोन वाक्यं सलग बोलता येत नसतील, तर तो तुमचा लाँग रनचा वेग नव्हे.

शरीर मात्र शिकतं, आणि या सगळ्यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हाच आहे. रोज तासभर उकाड्यात व्यायाम केला तर पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ द्रव भाग, वाढतो. मग घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं, कारण अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक घामग्रंथींना सोडियम परत शोषून घ्यायला लावतं. दहा ते चौदा दिवसांत बहुतेक बदल पूर्ण होतात. थंड हवेत परतलं की काही आठवड्यांत ते ओसरतात. पुण्याच्या धावपटूनं म्हणूनच शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे जरा उन्हं चढल्यावर, वेग उतरवून पळावं. गोवेकर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला जातो तेव्हा हा वाढलेला प्लाझ्मा त्याच्या कामी येतो.

पाणी किती प्यावं? पळण्याआधी आणि नंतर कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम गेला. तासाला अर्धा ते दोन लिटर, माणसागणिक इतका फरक पडतो. म्हणून मैत्रिणीची बाटली हे तुमचं माप नाही. भरपूर पाणी ढोसणंही धोक्याचं आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेलं आढळलं, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांमध्ये हे जास्त दिसलं. फार उतरलं तर मेंदूला सूज येते.

परतल्यावर उकड्या तांदळाची पेज आणि सोबत लोणच्याची फोड, हा आपल्याकडचा जुना नेम विज्ञानालाही पटणारा आहे. आतड्यातलं एक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनं आत घेतं आणि पाणी त्यांच्यामागून येतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. पेजेत साखरेच्या जागी स्टार्च असतं, ते पचून ग्लुकोजच होतं.

एक गोष्ट प्रत्येक धावणाऱ्या गटाला पाठ असावी. सोबतचा माणूस भेलकांडायला लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा विनाकारण चिडू लागला, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी अंगातलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. अंग घामानं भिजलेलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पळताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत थांबून न राहता त्याला सावलीत आडवं करून अंगावर मिळेल तेवढं थंड पाणी ओता. बर्फाच्या पाण्याचा टब मिळाला तर गळ्यापर्यंत त्यात बसवा, डोकं धरून ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी थंड करायचं, मग हलवायचं.