गोदारने अर्धवट सोडलेलं गाणं

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदारला लंडनमध्ये खरं तर गर्भपातावर चित्रपट करायचा होता. पण ब्रिटनचा गर्भपाताचा कायदा १९६७ मध्ये मंजूर झाला, एप्रिल १९६८ पासून लागूही झाला आणि विषयातली हवाच गेली. मग गोदारने निर्मात्यांना अट घातली: बीटल्स किंवा रोलिंग स्टोन्स मिळवून द्या. बीटल्सशी जमलं नाही, रोलिंग स्टोन्सशी जमलं. मे महिन्यात विद्यार्थी-कामगारांच्या आंदोलनाने पॅरिस पेटलेलं. कान चित्रपट महोत्सव बंद पाडणाऱ्यांत गोदार स्वतः होता. जूनच्या सुरुवातीला तो लंडनमधल्या बार्न्सच्या ऑलिंपिक या ध्वनिमुद्रण स्टुडिओत कॅमेरा घेऊन हजर झाला. (ही वास्तू पूर्वी चित्रपटगृह होती आणि २०१३ पासून पुन्हा आहे.)

तिथे त्याच्या हाती घबाड लागलं. स्टोन्सचं ‘सिंपथी फॉर द डेव्हिल’ हे गाणं तेव्हा जेमतेम आकार घेत होतं. गायक मिक जॅगरने आणलेली मूळ चाल संथ, लोकगीताच्या वळणाची. ती काही केल्या बसेना. मग लय वाढली, गिटारवादक कीथ रिचर्ड्सने बेस गिटार उचलली, बेसवादक बिल वायमनच्या हाती खुळखुळा आला, घानाच्या रॉकी डिजॉनने काँगा ढोलावर ब्राझीलच्या सांबाचा ठेका धरला आणि गाण्यात जीव आला. त्याच दिवसांत, ६ जूनला, गोळ्या झाडल्या गेलेल्या अमेरिकी नेते रॉबर्ट केनेडींचा मृत्यू झाला. त्यांचे भाऊ जॉन आधीच मारले गेले होते; गाण्यातल्या ‘केनेडीला कुणी मारलं’ या अर्थाच्या ओळीत आता केनेडी अनेकवचनी झाले.

कॅमेरा हे सगळं लांबलचक, न तुटणाऱ्या दृश्यांत संथपणे फिरत टिपतो. त्यात सर्वात अस्वस्थ करतो तो ब्रायन जोन्स. आडोशामागे एकटाच गिटार छेडत बसलेला. बँड त्यानेच उभा केला होता. वर्षभरात तो बँडबाहेर पडला आणि जुलै १९६९ मध्ये वारला.

मधेमधे गोदारने घुसवलेले ब्लॅक पॅंथर (अमेरिकेतली कृष्णवर्णीयांची लढाऊ संघटना), भंगारखाना, पुस्तकवाचन वगैरे प्रसंग आज जड जातात, हे कबूल करायला हवं.

खरी ठिणगी पडली ती संकलनानंतर. गोदारच्या आवृत्तीत, म्हणजे ‘वन प्लस वन’मध्ये, गाणं कधीच पूर्ण ऐकू येत नाही. निर्माता इयन क्वारियरने शेवटी अख्खं गाणं जोडलं, नावही गाण्याचंच दिलं. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडन चित्रपट महोत्सवात गोदारने त्याला सरळ ठोसा लगावला. आजही दोन्ही आवृत्त्या सापडतात. शेवटी गाणं पूर्ण वाजलं, तर समजावं, ही निर्मात्याची.