ठोकल्यावर रिंग कडक का होते?

भाचीने घरीच कानातल्या रिंगा करायला घेतल्या. शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करतात त्या दुकानातून मिलिमीटरभर जाडीची तांब्याची तार आणली, पॉलिश पेपरने तिच्यावरचा लेप खरवडला आणि औषधाच्या बाटलीभोवती वळवली. रिंग झकास गोल झाली, पण चिमटीत धरली की चेपायची. लोखंडी खल उपडा ठेवून मी तिला रिंग हलक्या हाताने ठोकायला लावली. आता दाबून सोडली तरी रिंग परत गोल!

"मामा, दाबून दाट झाली म्हणून ना?"

पुष्कळांना असंच वाटतं. पण ठोकल्याने तांब्याची घनता वाढत नाही. उलट अगदी किंचित घटते. खरी गंमत आत आहे.

तांब्यात अणूंचे थरावर थर रचलेले असतात. अख्खा थर एकदम सरकवायचा तर प्रचंड जोर लागेल. तार मात्र बोटांनी वळते, कारण या रचनेत जागोजागी अर्धवट थर घुसलेले असतात. त्या थराची कड म्हणजे स्थानभ्रंश, इंग्रजीतलं डिसलोकेशन. लग्नाच्या हॉलमधलं जाजम अख्खं ओढवत नाही, पण त्यात एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलली की जाजम सरकतं; तसंच हे. ही कल्पना 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडली.

ठोकताना नव्या सुरकुत्या जन्मतात. मऊ तांब्याच्या एका चौरस सेंटिमीटर छेदात त्या दहा लाख ते काही कोटी असतात. भरपूर ठोकल्यावर एक लाख कोटींच्या घरात जातात. वेगवेगळ्या प्रतलांवरून येऊन त्या एकमेकींत अडकतात. नवरात्रात कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळासमोरच्या महाद्वार रोडवर होतं तेच: माणसं वाढली की कुणालाच हलता येत नाही. सुरकुती हलेना, म्हणून तार वाकेना.

ही कोंडी उष्णतेने सुटते. तांबं मंद लाल होईपर्यंत तापवलं की अणू नव्याने रचले जातात आणि तार पुन्हा मऊ पडते. मग ती पाण्यात बुडवली तरी चालते. तांबं पोलादासारखं त्याने कडक होत नाही. कोल्हापूरजवळच्या हुपरीत पैंजणांसाठी चांदीची तार ओढतानाही ती अधूनमधून तापवावी लागते, नाहीतर तुटते.

तांबं अंगावर असलं की सांधेदुखी जाते, असं सांगून हातात घालायची कडी विकली जातात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत संधिवाताच्या रुग्णांना तांब्याच्या कड्याने काही फरक पडला नाही. उलट घामाने तांबं हिरवं पडतं, म्हणून रिंगेला कानाच्या भोकात जाणारा आकडा आम्ही चांदीचा लावला.

दुसऱ्या रिंगेला भाचीने तो आकडा अडकवायचा फासा आधी वळवून घेतला आणि ठोकणं अगदी शेवटाला ठेवलं. पहिल्या रिंगेचा फासा तिने ठोकून झाल्यावर, दोन-तीनदा मागेपुढे करत वळवला होता. तो तिथेच तुटला होता.