दोन बाइट मागे

सॉकेटवर (नेटवर्क जोडणीच्या प्रोग्रॅमकडच्या टोकावर) लिहिताना 'राइट' या कॉलकडून उणे एक, म्हणजे चूक झाल्याची खूण आली, की जोडणी तुटली असं धरून ती बंद करणारा कोड मी वारंवार पाहतो. पण लिनक्सवर त्याच वेळी, कोणती चूक झाली ते सांगणाऱ्या 'एररनो'मध्ये ४, म्हणजे ईआयएनटीआर (EINTR) असेल, तर जोडणी तुटलेली नसते. लिहिण्यात फक्त व्यत्यय आलेला असतो.

राइट डेटा थेट तारेवर सोडत नाही, कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, सेंड बफरमध्ये (पाठवायचा डेटा साठवायच्या तात्पुरत्या जागेत) ठेवतो. पलीकडचा सावकाश वाचत असेल तर बफर भरतो आणि प्रोग्रॅम कर्नलच्या आत झोपून राहतो. तेवढ्यात सिग्नल, म्हणजे प्रोग्रॅमला मिळणारा इशारा येतो: टायमर वाजला किंवा प्रोग्रॅमनं सुरू केलेली एखादी चाइल्ड प्रोसेस संपली. सिग्नल आल्यावर चालणारा सिग्नल हँडलर हा प्रोग्रॅमचाच कोड, त्यामुळे तो चालवायला कर्नलमधून बाहेर यावंच लागतं. मग अडकलेल्या राइटचं काय?

इथली युक्ती मला फार आवडते. हँडलर नोंदवताना एसए_रिस्टार्ट (SA_RESTART) हा पर्याय दिलेला असेल, तर कर्नल प्रोग्रॅमचा जपून ठेवलेला इन्स्ट्रक्शन पॉइंटर (पुढे चालवायच्या सूचनेचा पत्ता) २ बाइट मागे सरकवतो. एक्स८६-६४ प्रोसेसरवर 'सिसकॉल' ही कर्नलला हाक मारणारी सूचना बरोबर २ बाइटांची असते. कॉलचा क्रमांकही पुन्हा रजिस्टरमध्ये ठेवला जातो. हँडलर संपला, की प्रोसेसर तीच सूचना नव्याने चालवतो. राइट मध्येच थांबला होता याचा प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. एसए_रिस्टार्ट नसेल, तर मात्र ईआयएनटीआर हाती येतो.

तेवढ्यावर विसंबू नये. सॉकेटला एसओ_एसएनडीटाइमओ (SO_SNDTIMEO) लावून लिहिण्याची मुदत ठरवली असेल, तर लिनक्स एसए_रिस्टार्ट असूनही ईआयएनटीआरच देतं. शिवाय १०,००० पैकी ४,००० बाइट बफरमध्ये गेल्यावर सिग्नल आला, तर चूक येतच नाही, ४,००० हा आकडा येतो. म्हणून लूप हवाच: जितकं गेलं तितकं पुढे सरका, ईआयएनटीआर आला तर तिथूनच पुन्हा लिहा. पायथॉननं ३.५ पासून ईआयएनटीआरनंतरचा हा पुनर्प्रयत्न स्वतःकडे घेतला. सीमध्ये तो आपल्यालाच करावा लागतो.

"कधीकधी येते ती चूक, सर्व्हर पुन्हा चालू करा" हा उपाय म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा. सिग्नल कुठून आला हे एस-ट्रेस (strace) हे प्रोग्रॅमचे कॉल आणि सिग्नल दाखवणारं साधन लावून बघता येतं.

जोडणी बंद करणाऱ्या 'क्लोज'ला मात्र हा लूप लावू नका. लिनक्सवर ईआयएनटीआर आला तरी फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे जोडणीला दिलेला क्रमांक, आधीच मोकळा झालेला असतो. तोच क्रमांक दरम्यान दुसऱ्या थ्रेडला मिळाला असेल, तर दुसऱ्यांदा केलेला क्लोज त्याचीच जोडणी बंद करेल.