17,200 कोटींची हवा

माहीम सोडून लोकल वांद्र्याकडे निघाली की दारात उभ्या असलेल्यांचे निम्मे हात आपोआप नाकाकडे जातात. बाहेरगावचा पाहुणा विचारतो, ‘कसला हो वास हा?’ मुंबईकर एका शब्दात संपवतो, ‘खाडी.’

खाडीवर हा अन्यायच. ओहोटीला खारफुटीच्या चिखलाला थोडा असा वास येतो खरा, पण एवढा नव्हे. कुजक्या अंड्यासारखा हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो येतोय, म्हणजे तिथल्या पाण्यातला प्राणवायू संपलाय. खाडीत येणाऱ्या सांडपाण्यात जवळपास 99.9 टक्के पाणीच असतं. उरलेल्या चिमूटभरात मैला, खरकटं, तेल, साबण. जिवाणूंसाठी ही पंगत. जेवताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू ओढतात. तो संपला की पंगतीला दुसरी जात बसते, जी प्राणवायूऐवजी सल्फेटवर भागवते आणि हा वायू सोडते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरमागे अडीच ग्रॅमहून जास्त. म्हणून तेच सांडपाणी नदीपेक्षा खाडीत जास्त घाण मारतं.

जिवाणूंच्या या भुकेचं माप म्हणजे बीओडी (बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड). पाण्याचा नमुना बंद बाटलीत ठेवायचा आणि किती प्राणवायू खर्च झाला ते मोजायचं. इंग्रजांच्या थंड देशातली पद्धत 20 अंशांवर पाच दिवसांची. आपल्याकडे 27 अंशांवर तीन दिवस पुरतात. उकाड्याचा एवढा तरी फायदा!

शहरी सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे 200 मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. मुंबईच्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात विरघळलेला प्राणवायू मात्र फार तर सहा-साडेसहा मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर सांडपाणी तीसेक लिटर समुद्राचा श्वास कोंडतं.

हे गणित समोर ठेवलं की वरळी आणि वांद्र्याची समुद्रात सुमारे 3.4 किलोमीटर आत गेलेली पातमुखं, म्हणजे सांडपाणी समुद्रात सोडायचे मार्ग, समजतात. सांडपाणी चाळायचं, वाळू-खडे काढायचे आणि उरलेलं खोल पाण्यात नेऊन सोडायचं. भरती-ओहोटी ते पसरवेल, तीस लिटर काय, शेकडो लिटर पाणी मिळेल. जागतिक बँकेच्या कर्जातून नव्वदच्या दशकात हे काम उभं राहिलं, तेव्हा ते मूर्खपणाचं नव्हतं. किनाऱ्यालगत सोडण्यापेक्षा कितीतरी बरं होतं. पण पसरवणं म्हणजे शुद्ध करणं नव्हे. शिवाय मालाडला हीच चाळणी लावून पाणी थेट खाडीत जायचं, आणि खाडीकडे शेकडो लिटर उसने द्यायला नसतात.

घाटकोपर, भांडुप आणि वर्सोव्याला दुसरी तऱ्हा: मोठमोठी तळी, त्यांत पाणी घुसळणारी तरंगती यंत्रं. काम होतं, पण संथ. एका तळ्यात पाणी दिवसचे दिवस राहावं लागतं. मुंबईत तळ्याला जागा मागणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

या सगळ्यावरचा उपाय जुनाच आहे. मँचेस्टर महापालिकेच्या डेव्हिहल्म केंद्रावर काम करणाऱ्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटलीतल्या सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. ते पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. पण तळाशी बसलेला तपकिरी गाळ त्यांनी फेकला नाही. त्यावरच नवं सांडपाणी ओतून पुन्हा हवा दिली. असं करत करत पाच आठवड्यांचं काम दिवसभरात होऊ लागलं. गाळ म्हणजे उपाशी, कामाला चटावलेल्या जिवाणूंची फौज होती. दह्याच्या विरजणासारखंच हे: तयार दह्याची कवडी घातली की दही लवकर लागतं. 1914 साली त्यांनी हे जाहीर केलं, आणि आजही जगातली बहुतेक मोठी केंद्रं याच कल्पनेवर चालतात. नवी मुंबईतल्या नेरूळच्या केंद्रात भरणं, हवा देणं, निवळणं आणि वरचं स्वच्छ पाणी काढणं एकाच टाकीत पाळीपाळीने होतं, एवढाच फरक.

बृहन्मुंबई महानगरपालिकेने आता हाती घेतलेली सात केंद्रं त्याच वंशातली: वरळी 500, मालाड 454, धारावी 418, वांद्रे 360, घाटकोपर 337, भांडुप 215 आणि वर्सोवा 180 दशलक्ष लिटर रोज. बेरीज 2,464. भूमिपूजन 19 जानेवारी 2023 रोजी झालं, तेव्हा खर्च सांगितला गेला सुमारे 17,200 कोटी. काम वर्षानुवर्षं रखडलं, त्याचं एक कारण मानकं. केंद्र सरकारने 2017 मध्ये महानगरांसाठी शुद्ध केलेल्या पाण्यातल्या बीओडीची मर्यादा लिटरमागे 20 मिलिग्रॅम ठेवली, 2019 मध्ये हरित लवादाने ती 10 वर आणायला सांगितली. आराखडा कागदावरच असताना कागद जुना होतो, तो असा.

एवढे पैसे जातात कशात? काँक्रीट दिसतं, पण खरी खरेदी हवेची. 2,464 दशलक्ष लिटर, प्रत्येकी 200 मिलिग्रॅम, म्हणजे रोज जवळपास 490 टन बीओडी. तो संपवायला टाकीच्या तळातून बारीक बुडबुडे सतत सोडावे लागतात, आणि किलोमागे ढोबळ मानाने अर्धा ते एक युनिट वीज जाते. म्हणजे रोज अडीच ते पाच लाख युनिटं, नुसत्या फुंकण्याला. केंद्राच्या वीजबिलाचा निम्मा भाग इथेच जातो. बांधकामाचा निधी एकदा मंजूर होतो, हे बिल मात्र दरमहा येतं. बिल वाचवायला हवेचे पंप बंद ठेवले, की काही तासांत टाकीतली फौजही गुदमरू लागते.

फौज ठीक आहे का, हे पाहायची युक्ती साधी आहे. टाकीतलं पाणी लिटरभराच्या काचेच्या नळीत भरून अर्धा तास हलवायचं नाही. गाळ दोन-तीनशे मिलिलिटरवर नीट बसला आणि वरचं पाणी नितळ दिसलं, तर ठीक. गाळ फुगून तसाच लोंबकळत राहिला, तर तंतूसारखे जिवाणू माजलेत. मग हवा, गाळ, येणारं पाणी, सगळं तपासायला घ्यायचं.