पार्श्वभूमी : अनुमापनातले 'निष्क्रिय' प्लॅटिनम

अनुमापन म्हणजे ज्ञात द्रावण थोडे थोडे सोडत, विक्रिया पूर्ण होण्याच्या क्षणावरून दुसऱ्या पदार्थाचे प्रमाण काढणे; तो क्षण इलेक्ट्रोडच्या विभवावरून, म्हणजे विद्युत पातळीवरून, ओळखला तर ते विभवमापी अनुमापन. त्याची सुरुवात १८९३ साली लाइपझिगमध्ये झाली. मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात हॅलाइड (क्लोराइड, ब्रोमाइड यांसारखे क्षार) थोडे थोडे सोडत पाऱ्याच्या इलेक्ट्रोडचे विभव कुठे एकदम उडी घेते, ते पाहिले गेले. धातू आपल्याच आयनांना प्रतिसाद देतो, एवढ्यावर ती पद्धत उभी होती. त्यामागचे, विभव आणि आयनांचे प्रमाण यांना जोडणारे समीकरण चारच वर्षे आधी, १८८९ मध्ये मांडले गेले होते. क्लोराइडच्या अनुमापनात चांदीचा इलेक्ट्रोड आजही हेच काम करतो आणि त्याबद्दल फारसा वाद नाही.

वाद आहे तो प्लॅटिनमचा. ऑक्सिडीकरण-क्षपण अनुमापनांत, म्हणजे इलेक्ट्रॉन एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे जातात अशा विक्रियांच्या अनुमापनांत, प्लॅटिनम आले ते १९०० च्या सुमारास. ते स्वतः विक्रियेत उतरत नाही, फक्त इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होऊ देते, म्हणून त्याला 'निष्क्रिय' म्हटले गेले. मराठीत या शब्दाचा गुंता आणखी वाढतो. तीव्र नायट्रिक आम्लात लोखंड विरघळायचे थांबते, त्या अवस्थेलाही आपण निष्क्रियताच म्हणतो. त्या लोखंडावर ऑक्साइडचा थर असावा, हा तर्क १८३६ मध्येच केला गेला होता. म्हणजे एक निष्क्रिय असा, की ज्याच्या पृष्ठभागावर काही घडतच नाही. दुसरा असा, की पृष्ठभागावर काही घडून गेले म्हणून तो शांत आहे. प्लॅटिनमला पहिल्या रकान्यात बसवले गेले आणि माझ्या मते चूक तिथेच झाली.

डायक्रोमेटसारख्या प्रबळ ऑक्सिडीकारकात (इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या पदार्थात) प्लॅटिनमवरही ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. मग विभव स्थिरावायला वेळ लागतो. फेरस (लोहाच्या) द्रावणात डायक्रोमेट सोडून काढलेला विभवाचा आलेख आणि डायक्रोमेटमध्ये फेरस सोडून काढलेला आलेख एकमेकांशी जुळत नाहीत. १९५० च्या दशकात या थराचे रासायनिक पुरावे मिळाले, तरी पाठ्यपुस्तकांतले विशेषण कायम राहिले. अंत्यबिंदूची, म्हणजे विक्रिया पूर्ण झाल्याचे दाखवणाऱ्या उडीची, जागा बहुधा हलत नाही, हे खरे. म्हणून रोजच्या विश्लेषणात कुणाचे अडत नाही. पण त्याच आलेखावरून मानक विभव (ठरावीक प्रमाणित परिस्थितीतले विभव) काढू पाहणारा हमखास फसतो.

पुढच्या पद्धतींनी तर पृष्ठभागाच्या या वागण्यालाच कामाला लावले. १९२६ मध्ये प्लॅटिनमच्या दोन तारांमध्ये काही मिलिव्होल्टचाच विद्युतदाब ठेवून प्रवाह पाहण्याची युक्ती आली. आयोडीन आणि आयोडाइड दोन्ही हजर असतील तोवर प्रवाह वाहतो. थायोसल्फेटने शेवटचे आयोडीन संपवले की तो थांबतो, कारण थायोसल्फेट आणि त्याचे ऑक्सिडीकृत रूप यांची जोडी त्या पृष्ठभागावर सहज उलटसुलट होत नाही. एकाच तारेला एक जोडी चालते, दुसरी चालत नाही. १९३५ साली पाणी मोजण्याची आयोडीनवर आधारलेली पद्धत आली, तिलाही पुढे हाच दर्शक लाभला.

१९३८ मध्ये ब्युरेटच (द्रावण मोजून सोडायची नळी) बाजूला ठेवण्याची कल्पना आली : अनुमापक, म्हणजे सोडायचा पदार्थ, जागच्या जागी विजेने तयार करायचा आणि ९६,४८५ कूलॉम (विद्युतभाराचे एकक) वाहिले की एक मोल इलेक्ट्रॉन या हिशेबाने मोजायचा. पाण्याच्या कूलॉममापी उपकरणात आज प्लॅटिनमच आयोडीन तयार करते आणि शेजारच्या प्लॅटिनमच्या दोन तारांची जोडी ते उरले का, हे पाहते.