शॉकअप गेलेत? खोलण्याआधी एवढं तपासा

दुचाकीच्या पुढच्या शॉकअपबद्दल ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"पुढचे शॉकअप गेलेत, बदलून टाका" असं सांगत आमच्याकडे ज्या गाड्या येतात, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचे शॉकअप ठणठणीत असतात. कुठे टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते, कुठे कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) ढिला असतो, कुठे मागे इतकं ओझं लादलेलं असतं की पुढचं चाक जमिनीवर नीट बसतच नाही. म्हणून गाडी आली की आम्ही लगेच पाना हातात घेत नाही. आधी विचारतो, मग गाडी हलवून बघतो. यातलं बरंचसं तुम्हाला घरच्या अंगणात करता येईल.

सुरुवात हवेपासून करा. पुढच्या टायरची हवा किती हवी ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. शंभर-दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे २५ पीएसआयच्या आसपास लागते. पंपावरचा पोरगा न विचारता ३५ भरून देतो आणि घरी येईपर्यंत गाडी "कडक" झालेली असते. टायर थंड असताना हवा मोजा, बरोबर करा आणि नेहमीच्या रस्त्यावरून एक चक्कर मारून या. तक्रार गेली असेल तर पुढचं वाचायची घाई नाही.

खट्ट आवाज कुठून येतो?

ब्रेक दाबल्यावर किंवा खड्ड्यात पुढून "खट्ट" वाजलं की सगळे शॉकअपकडे बोट दाखवतात. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागे कोणाला तरी बसवा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. मेन स्टँड नसेल तर हे घरी करू नका, आमच्याकडे आणा. आता दोन्ही शॉकअपची खालची टोकं धरून पुढेमागे हलवा. त्याच वेळी दुसऱ्याला खालच्या टीच्या (दोन्ही शॉकअप पकडणाऱ्या जोडपट्टीच्या) आणि चेसीच्या नळीच्या मधल्या फटीवर बोट ठेवायला सांगा. त्या फटीत बोटाला हालचाल लागली तर कोनसेट ढिला आहे. तिथे काही हलत नाही, पण शॉकअपचा चकचकीत पाइप खालच्या केसमध्ये डुगडुगतोय, तर आतले बुश (पाइपला आधार देणारी कडी) झिजलेत. चाक डावी-उजवीकडे हलवल्यावर खेळ जाणवला तर व्हील बेअरिंग बघावं लागेल. तिन्ही कामांचा खर्च वेगवेगळा, म्हणून हे आधी ठरलेलं बरं.

हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवूनही बघा. मधोमध, सरळ चाकाच्या जागी, किंचित अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेटच्या रेसमध्ये, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कड्यांमध्ये, खाचा पडल्या आहेत. अशी गाडी सरळ रस्त्यावरही बारीक डुलत राहते. कोनसेट आवळून हे जात नाही, संच बदलावाच लागतो. खाचा पडलेला कोनसेट आवळून दिला तर गाडी आणखी जड वळते, आणि ग्राहकाला वाटतं शॉकअप जाम झाला.

आत काय चालतं

स्प्रिंग वजन पेलते आणि ऑइल हालचालीचा वेग आवरतं. तुम्ही नुसते बसल्यावरच पुढचा भाग फार दबत असेल तर स्प्रिंगकडे बघायचं. दबल्यानंतर दोन-तीनदा उसळ्या मारत असेल तर ऑइलकडे.

स्प्लेंडर, शाइन, पल्सर १५०, क्लासिक ३५० अशा गाड्यांच्या शॉकअपची रचना साधी आहे. आत एक पोकळ दांडी, तिला ठरलेल्या मापाची भोकं, आणि त्या भोकांतून ऑइल ये-जा करतं. पिचकारीचा दट्ट्या हळू दाबला की पाणी सहज निघतं, जोरात दाबला की हाताला अडतं, तसंच इथे होतं. वेग दुप्पट झाला की अडवणूक जवळपास चौपट होते. म्हणून तोच शॉकअप ब्रेक दाबताना, जिथे हालचाल संथ असते, मऊ वाटतो आणि खड्ड्याच्या धारदार काठावर मनगटाला हादरा देतो. या रचनेची ही मर्यादा आहे. स्प्रिंग आणि ऑइल जुळवून ती कमी करता येते, पूर्ण घालवता येत नाही, आणि तसं आश्वासन आम्ही देत नाही.

आता जाड ऑइलबद्दल. "गाडी फार दबते, जाड ऑइल टाका" ही मागणी रोज येते. जाड ऑइलने दबण्याचा वेग कमी होतो, पण तुमच्या वजनाने गाडी जेवढी बसायची तेवढी बसतेच. वर खड्ड्याचा हादरा वाढतो. त्याहून वाईट म्हणजे दबलेला शॉकअप परत वर यायला वेळ लावतो. ऊस हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर एकामागून एक खड्डे येतात. तिथे पहिल्या खड्ड्यातून वर येण्याआधी दुसरा येतो, मग तिसरा, आणि शॉकअप दर वेळी थोडा थोडा खाली बसत जातो. शेवटी हलायला जागाच उरत नाही आणि सगळा मार हँडलवर येतो. त्यामुळे कंपनीने १०डब्ल्यू (ऑइलच्या जाडीचा आकडा) सांगितलं असेल तर आम्ही १०डब्ल्यूच टाकतो. वेगळं टाकायचं असेल तर आधी तुमचं वजन आणि रस्ता विचारून, आणि एकाच पायरीने. इंजिन ऑइल शॉकअपमध्ये टाकून देणारे अजून आहेत. ते स्वस्त पडतं, पण आम्ही ते करत नाही.

ऑइल किती आहे याकडे तर सहसा कोणी बघतच नाही. पाइपमध्ये ऑइलच्या वर जी हवा उरते, तीही शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखं काम करते. ऑइल जास्त झालं की हवा कमी उरते आणि शॉकअप शेवटी शेवटी फार कडक होतो, ऑइल आत अडवणाऱ्या रबरी सीलवर ताण येतो तो वेगळाच. साधारण २७ मिमी आतल्या व्यासाच्या पाइपमध्ये १० मिली ऑइल जास्त पडलं तर पातळी जवळपास १७ मिमीने वर जाते. म्हणूनच आम्ही अंदाजाने बाटली रिकामी करत नाही. मॅन्युअलमध्ये पातळी दिली असेल तर स्प्रिंग बाहेर काढून, पाइप पूर्ण दाबून, वरच्या काठापासून ऑइलपर्यंतचं अंतर मोजतो आणि दोन्ही बाजूंना सारखं करतो.

ऑइल गळतंय

पाइपवर बोट फिरवा. नुसती कोरडी धूळ लागली तर काळजी नाही. चिकट काळं कडं उठत असेल तर ते पुसा, पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा दाबा आणि परत बघा. ताजं ओलं वर्तुळ आलं म्हणजे सील ऑइल सोडतंय.

तरीही लगेच सील बदलायला नको. बऱ्याचदा सीलच्या ओठात वाळूचा कण किंवा चिखल अडकलेला असतो. डस्ट सील (धूळ अडवणारं बाहेरचं सील) वर सरकवून जुन्या एक्स-रे फिल्मची पातळ पट्टी, काठ गुळगुळीत करून, सीलच्या आतून हळूच फिरवली की घाण बाहेर येते. स्क्रू ड्रायव्हर किंवा पत्रा घालू नका, ओठ फाटतो. साफ करून दोन दिवस चालवा. गळती थांबली तर खर्च वाचला.

नाही थांबली तर पाइप नीट बघायला लागतो. उजेडात पाइप तिरका धरून त्यावरून नख ओढायचं. नख कुठे अडलं तर तिथे क्रोमला गंजाचा खड्डा आहे. अशा पाइपवर नवीन सील बसवलं तर तेही थोड्या दिवसांत कापलं जातं, आणि ग्राहक म्हणतो गॅरेजवाल्याने नकली सील टाकलं. खड्डा बारीक असेल तर त्याची धार बारीक दगडाने मारता येते. सील फिरतं त्याच पट्ट्यात मोठा खड्डा असेल तर पाइप बदलणं किंवा हार्ड क्रोम करणं, म्हणजे क्रोमचा नवा थर चढवणं, एवढेच मार्ग. आमचं मत विचाराल तर साध्या गाडीला सरळ नवा पाइप घ्यावा.

गळणारं ऑइल डिस्कवर किंवा पॅडवर गेलं असेल तर गाडी चालवत आणू नका, फोन करा. उलट्या बसवलेल्या, म्हणजे यूएसडी शॉकअपमध्ये सील खाली असतं, त्यामुळे तिथे हा धोका जास्त. ऑइल प्यायलेले पॅड धुऊन परत बसवायची आमची तयारी नसते.

पाइपवर रबरी बूट (घड्यांचं आवरण) असलेल्या गाड्यांबद्दल एक सूचना. बूट धूळ अडवतं हे खरं, पण आमच्याकडच्या पावसात गगनबावडा नाहीतर आंबोली करून आल्यावर त्याच्या आत पाणी साचतं आणि पाइप आतल्या आत गंजतो. पावसाळ्यात अधूनमधून बूट वर सरकवून पाइप पुसून घ्या. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा सीलवर मारू देऊ नका.

गाडी तुमच्या वजनाला जुळते का?

एक बारीक केबल टाय घ्या. शॉकअपच्या पाइपवर सैल बसवा, हाताने सरकेल इतपत. यूएसडी असेल तर तो खालच्या चकचकीत पाइपवर लावा. आता पुढचं चाक उचलून शॉकअप पूर्ण लांब करा, टाय सीलला टेकवा आणि चाक अलगद खाली सोडा. मग नेहमीचे कपडे, हेल्मेट, बॅग यांच्यासह गाडीवर बसा. दोन्ही पाय वर, बाजूला कोणीतरी गाडी धरायला. उडी मारून बसू नका. हळूच उतरा, चाक परत उचला आणि सील ते टाय हे अंतर मोजा.

रोजच्या रस्त्याला हे अंतर शॉकअपच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावं. सध्याच्या क्लासिक ३५० ला पुढे १३० मिमी हालचाल आहे, म्हणजे ३३ ते ४३ मिमी. हिमालयन ४५० ला २०० मिमी आहे, तिथे ५० ते ६७. याहून फार जास्त आलं तर स्प्रिंगवर आधीचा दाब, म्हणजे प्रीलोड, वाढवावा लागेल. वर ॲडजस्टर नसेल तर टोपणाखाली योग्य मापाचा स्पेसर, म्हणजे नळीचा तुकडा, टाकून ते होतं. फक्त एवढं ध्यानात घ्या की प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीचा पुढचा भाग वर येतो. बराच प्रीलोड देऊनही अंतर जमत नसेल तर वजनाला ती स्प्रिंगच कमी पडते आहे. जुनी स्प्रिंग ओढून लांब करून बसवण्याचा उद्योग कृपया कोणाकडून करून घेऊ नका.

टाय तसाच राहू द्या आणि घाटातून जाऊन या. तो दर वेळी अगदी शेवटाला जात असेल तर शॉकअप तळाला आपटतोय. निम्म्यावरच राहत असेल तर गाडी गरजेपेक्षा कडक आहे.

क्लिकच्या गाड्या

केटीएम ३९० ॲडव्हेंचरसारख्या ज्या गाड्यांना ॲडजस्टर आहेत, त्यांत एका बाजूला कॉम्प्रेशन (दबतानाची अडवणूक) आणि दुसऱ्या बाजूला रिबाउंड (परत वर येतानाची अडवणूक) असतं. फिरवण्याआधी आत्ताची सेटिंग लिहून ठेवा. घड्याळाच्या दिशेने अलगद शेवटपर्यंत बंद करत क्लिक मोजायचे, मग तेवढेच मागे. शेवटाला जोर लावला तर आतली सुई खराब होते. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन क्लिकने, आणि त्याच रस्त्यावरून परत जा. तीन गोष्टी एकदम फिरवून आलेली गाडी आम्हालाही कंपनीच्या सेटिंगवर नेऊनच सुरू करावी लागते.

पडल्यानंतर हँडल वाकडं दिसतं

चाक सरळ आणि हँडल तिरकं दिसलं म्हणजे पाइप वाकलाच असं नाही. पुष्कळदा शॉकअप टीमध्ये नुसते पिळले जातात. टीचे बोल्ट, एक्सल (चाकाचा दांडा) आणि मडगार्ड सैल करून सगळं रेषेत आणता येतं. शेवटी एक्सल आवळायचा, शॉकअप चार-पाच वेळा दाबायचे आणि मग एक्सलचा पकड बोल्ट. ही क्रमवारी चुकली तर दोन्ही पाइप एकमेकांना ओढत राहतात आणि नवे शॉकअपही अडखळत चालतात. पाइप खरंच वाकला असेल तर तो व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) फिरवून डायल गेजने तुमच्यासमोर मोजतो. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ०.२ मिमीची मर्यादा असते, त्यापुढे आम्ही बदलायलाच सांगतो.

गाडी आणताना

टाकी निम्मी भरलेली, बॉक्स आणि बॅगा नेहमीसारख्या लावलेल्या असू द्या. तक्रार कुठल्या रस्त्यावर, किती वेगाला, मागे कोणी बसल्यावर की एकट्याला, तेवढं सांगा. शॉकअप ऑइल आम्ही २०,००० किलोमीटरला किंवा दोन वर्षांनी बदलायला सांगतो. निघालेलं ऑइल बाटलीत भरून दाखवतो. करडं, चंदेरी झाक असलेलं निघालं तर आत ॲल्युमिनियम घासलं जातंय, आणि मग बुश बघितल्याशिवाय शॉकअप बंद करणार नाही. काढलेले सगळे भाग पिशवीत घालून परत मिळतील. सील बदलल्यावर ५०० किलोमीटरनंतर गाडी एकदा दाखवायला आणा, त्या तपासणीचे पैसे नाहीत.