सेंट थॉमस आफ्रिकन एपिस्कोपल चर्च, फिलाडेल्फिया

अमेरिकेतील एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) परंपरेच्या, पंथात सामील झालेली ही पहिली कृष्णवर्णीय मंडळी, म्हणजे चर्चचा उपासक समुदाय, होय. तिचा उगम १२ एप्रिल १७८७ रोजी ॲब्सलम जोन्स व रिचर्ड ॲलन यांनी स्थापन केलेल्या ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’त आहे. सभासदांच्या वर्गणीतून आजारी माणसांना, विधवांना व पोरक्या मुलांना मदत करणारी ही संस्था होती. जोन्स (१७४६–१८१८) डेलावेअरमध्ये गुलामीत जन्मले. आई मुक्त असेल तरच मूल मुक्त ठरे, म्हणून त्यांनी आधी पत्नीची सुटका विकत घेतली. स्वतः ते १७८४ मध्ये मुक्त झाले.

सेंट जॉर्जेस या मेथडिस्ट (दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चमध्ये गोऱ्यांपासून वेगळे बसण्याची सक्ती कृष्णवर्णीयांवर होऊ लागली आणि एका रविवारी, प्रार्थना चालू असतानाच, गुडघे टेकून बसलेल्या जोन्स यांना एका विश्वस्ताने धरून उठवले. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढेच जोन्स म्हणाले. ती संपताच सारे उठून बाहेर पडले. ॲलन यांच्या आठवणीनुसार हे १७८७ मध्ये घडले. मात्र ज्या सज्जात हा प्रसंग घडला, त्याच्या बांधकामाच्या नोंदी पाहता १७९२ हे साल अधिक संभवते.

पुढे स्वतःच्या चर्चसाठी पंथ निवडताना सोसायटीच्या बहुसंख्य सभासदांनी एपिस्कोपल पंथाकडे कौल दिला. ॲलन मेथडिस्टच राहिले व त्यांनी ‘बेथेल’ मंडळी उभी केली. जोन्स यांनी बहुमत मानले. दरम्यान १७९३ मध्ये पीतज्वराची साथ आली. कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही, अशा चुकीच्या समजुतीने त्यांना शुश्रूषेसाठी बोलावण्यात आले, आणि मृतांना पुरण्याचे कामही मुख्यतः त्यांच्यावरच पडले. नंतर त्यांच्यावर चोरीचे व जादा पैसे उकळल्याचे आरोप छापून आले, तेव्हा जोन्स व ॲलन यांनी १७९४ मध्ये जमाखर्चासह छापील उत्तर दिले.

फिफ्थ स्ट्रीटवरील चर्च १७ जुलै १७९४ रोजी उपासनेसाठी खुले झाले. पंथात येताना मंडळीने संघटित मंडळी म्हणून मान्यता, आपल्या कारभारावर आपलाच ताबा आणि जोन्स यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळण्याचा मार्ग, अशा तीन अटी घातल्या व त्या मान्य झाल्या. मात्र १७९५ मध्ये जोन्स यांना ग्रीक व लॅटिनच्या परीक्षेतून सूट देताना धर्मप्रांताने (बिशपच्या अधिकारातील विभागाने) आपलीही अट घातली: या मंडळीला प्रांतिक सभेत धर्मगुरू किंवा प्रतिनिधी पाठवता येणार नाही. सूट एका माणसाला आणि बंदी साऱ्या मंडळीवर, असा हा सौदा होता, आणि तो १८६० च्या दशकापर्यंत टिकला. बिशप विल्यम व्हाइट यांनी १७९५ मध्ये जोन्स यांना डीकनची, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पदाची, दीक्षा दिली. काही वर्षांनी ते या पंथातील पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले. १ जानेवारी १८०८ रोजी गुलामांच्या आयातीवर बंदी लागू झाली, त्या दिवशी त्यांनी येथेच आभाराचे प्रवचन केले.

मंडळीने पुढे अनेकदा जागा बदलली. सध्याचे चर्च शहराच्या पश्चिमेकडील ओव्हरब्रुक भागात असून जोन्स यांची रक्षा तेथील वेदीत ठेवलेली आहे. १३ फेब्रुवारी, हा त्यांचा मृत्युदिन, एपिस्कोपल पंथाच्या दिनदर्शिकेत स्मरणदिन म्हणून नोंदलेला आहे.